नव्या यंत्रात जुन्याचं बिऱ्हाड

शहापूरच्या बाजारपेठेत आमचं दुकान होतं. पाटी मीच रंगवली होती, ‘संगणक दुरुस्ती व प्रशिक्षण’. तरी सुरुवातीची काही वर्षं लोक आम्हाला टीव्हीवालेच समजत. कुणी मिक्सर घेऊन येई, कुणी देवळाचा कर्णा. माझा भागीदार मिलिंद कुणाला नाही म्हणत नसे. कर्णा दुरुस्त करून हातात देताना सांगायचा, ‘‘काका, घरात कॉम्प्युटर आला की आमच्याकडंच आणायचा बरं का.’’ काका गंभीरपणे मान डोलवायचे. त्यांच्या घरात कॉम्प्युटर येणं त्यांना आणि आम्हाला सारखंच अशक्य वाटत असे.

मिलिंद आटगावचा. त्याचे वडील रेल्वेत होते. त्यांच्या घरी बुद्धमूर्तीच्या खालीच पुस्तकांचं कपाट होतं आणि त्याला कुलूप नसे, हे मला फार आवडायचं. मी डोळखांबच्या रस्त्यावरच्या एका गावातला, भातशेती करणाऱ्या घरचा. पदवी घेऊन तालुक्याच्या वाचनालयात नोकरीला लागलो होतो. मिलिंद तिथे इलेक्ट्रॉनिक्सची पुस्तकं मागायला यायचा. आमच्याकडे दोनच होती, तीही जुनी. ती त्याने इतक्या वेळा नेली की शेवटी मीच ती वाचून काढली, यात एवढं आहे तरी काय म्हणून. तिथून मैत्री झाली आणि मैत्रीतून दुकान निघालं. कामाची वाटणी आपोआप झाली. मी यंत्राबरोबर आलेली इंग्रजी माहितीपुस्तकं वाचायचो आणि तो यंत्र उघडायचा. पुस्तकात एक असायचं आणि यंत्रात दुसरंच. मग आम्ही चहा मागवायचो.

या अंकाच्या संपादकांनी ‘संगणकाच्या धंद्यातल्या गमती लिहा’ असं कळवलं. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की प्रत्येक गमतीत मिलिंद दिसतो आणि हात थांबतो. म्हणून हे लेखन सावकाश झालं. तरी लिहायला मिळालं हे बरंच झालं.

आमच्या धंद्यात दर एक-दोन वर्षांनी नवा प्रोसेसर यायचा. प्रोसेसर म्हणजे संगणकाचं डोकं. प्रोग्रॅम म्हणजे त्या डोक्याला दिलेल्या आज्ञांची माळ. नवा प्रोसेसर जुन्या सगळ्या आज्ञा पाळतो, असं कंपन्या सांगत आणि ते बहुतांशी खरं होतं. बहुतांशी. आमचं पोट त्या उरलेल्या भागावर चाललं.

एसटी स्टँडच्या मागे बाळ्या नावाच्या माणसाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. त्याने हौसेने नवा संगणक घेतला आणि जुना मोटारशर्यतीचा खेळ त्यात टाकला. दुसऱ्याच दिवशी धावत आला.

‘‘अरे मिलिंद, गाडी सुरू होते तवाच ठोकते! पोरं शिव्या घालतात मला.’’

‘‘मग ब्रेक लाव ना.’’

‘‘बोट ठेवायच्या आदी ठोकते रे, ब्रेक कवा लावू?’’

खेळ लिहिणाऱ्याने वेळ मोजायला घड्याळ वापरलंच नव्हतं. प्रोसेसर इतकी कामं करील तेवढ्यात अमुक वेळ गेला, असा त्याचा हिशेब होता. जुन्या प्रोसेसरवर तो बरोबर होता. नवा प्रोसेसर कित्येक पट वेगवान, त्यामुळे गाडी डोळ्याची पापणी लवायच्या आत भिंतीवर. मिलिंदने संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरला वेग देणारी एक सोय बंद केली. गाडी माणसासारखी धावायला लागली.

बाळ्याने थोडा वेळ खेळून पाहिलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे मी नवीन घेतला तो तू जुना करून दिलास?’’

‘‘हो. पुढच्या वेळी जुनाच घे.’’

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितो आहे त्याकडे येतो.

मुरबाडच्या बाहेर, सिद्धगडाकडे जाणाऱ्या रस्त्याला अंध मुलामुलींची एक निवासी शाळा होती. तिथल्या मराठीच्या आणि इतिहासाच्या शिक्षिका कुसुमताई. स्वतः जन्मापासून अंध. मुरबाडजवळच्याच शेतकरी घरातल्या. वर्गात पुस्तकी मराठी बोलत आणि वर्गाबाहेर घरची. एक दिवस शाळेच्या मावशींचा हात धरून त्या आमच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

‘‘टीव्हीवाले तुमीच का?’’

‘‘हो,’’ मिलिंद म्हणाला, ‘‘पण टीव्ही सोडून बाकी सगळं करतो.’’

‘‘बरं झालं. मला टीव्हीचा काय उपेग?’’

शाळेला कुणीतरी परदेशातून ब्रेल छापायचं यंत्र भेट दिलं होतं. जाड कागदावर ठोके मारून ते टिंबं उठवतं. पण त्याच्याबरोबर आलेल्या प्रोग्रॅमला फक्त इंग्रजी येत होतं, म्हणून यंत्र चादरीखाली पडून होतं. शाळेतली पुस्तकं शिक्षक हाताने टोचून काढत. ब्रेलच्या पाटीत कागद अडकवायचा आणि टोचणीने एकेक टिंब पाडायचं, तेही उजवीकडून डावीकडे, कारण कागद उलटल्यावर ते सुलट वाचलं जातं. एक पुस्तक व्हायला वर्ष सरायचं.

मिलिंदने मराठीसाठी प्रोग्रॅम लिहायचं ठरवलं. पास्कल नावाच्या भाषेत, फावल्या वेळात. त्यासाठी तो कुसुमताईंकडून ब्रेल शिकला. मीही शिकलो, पण मला बोटांनी कधी जमलं नाही. मी कागद तिरपा धरून उजेडात टिंबं पाहायचो. कुसुमताईंना ते लगेच कळायचं.

‘‘हरीभाऊ, तुमी डोळ्यांनी वाचता.’’

‘‘तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘कागदावर बोट फिरल्याचा आवाज येत नाय.’’

पहिलं पान छापून निघालं ते इतिहासाचं. ब्रेलमध्ये जोडाक्षर लिहिताना पाय मोडल्याची खूण अक्षराच्या आधी यावी लागते. मिलिंदने आपल्या टाइपिंगच्या सवयीने ती नंतर टाकली होती. कुसुमताईंनी दोन ओळी वाचल्या आणि हसू आवरेना. ‘‘तुमचे सगळे सरदार लंगडतात हो! पाय मागून मोडलेत एकेकाचे.’’

ते दुरुस्त झालं. प्रोग्रॅमचं नाव मिलिंदने ‘टिंब’ ठेवलं. त्यानंतर दर वर्षी डोळस शिक्षकांनी पुस्तकं टाइप करायची, टिंबने ती ब्रेलमध्ये बसवायची, यंत्राने ठोकायची आणि कुसुमताईंनी बोटांनी तपासायची, असं चालू झालं. यंत्र चालू असताना पत्र्यावर कुणी वाटाणे ओततंय असा आवाज यायचा. मुलांनी त्याला ‘ठोक्या’ म्हणायला सुरुवात केली.

काही वर्षांनी शाळेने संगणक बदलला. नवा प्रोसेसर आला आणि टिंब उघडेना. पडद्यावर एकच ओळ, चूक क्रमांक दोनशे. मी माहितीपुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं, शून्याने भागाकार केला गेला. मिलिंद म्हणाला, ‘‘मी कुठं शून्यानं भागलंय?’’

त्याने भागलं नव्हतं. पास्कलमध्ये लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर एक छोटा तुकडा आपोआप यायचा. तो सुरू होतानाच प्रोसेसरची परीक्षा घ्यायचा. एका क्षणात हा किती फेऱ्या मारतो ते मोजायचा, म्हणजे पुढे थांबायचं असेल तेव्हा किती फेऱ्या मारून थांबायचं ते कळेल. ज्यांनी तो लिहिला त्यांनी आकडा ठेवायला लहानसं माप दिलं होतं. अधोलीच्या मापात पोतं ओतावं तसं झालं. नव्या प्रोसेसरच्या फेऱ्या इतक्या की उत्तर मापात मावेना. संगणकाला ‘मावत नाही’ असं सांगता येत नव्हतं, म्हणून तो ‘शून्याने भागलं’ असं सांगत होता. जगभर त्या वर्षांत असे किती प्रोग्रॅम अडले असतील कोण जाणे.

मिलिंदने त्या तुकड्याला वरची मर्यादा घातली. आकडा यापेक्षा मोठा आला तर एवढाच समजून पुढे जा. टिंब उघडलं. तो म्हणाला, ‘‘आता प्रोसेसर कितीबी पळू दे. पळून पळून जाईल कुठं?’’

त्या काळची आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. विजेचा दाब कमी-जास्त व्हायचा आणि भारनियमनाने ती दिवसातून कितीदा तरी जायची. कमी दाबात बंद केलेला संगणक पुन्हा सुरूच होत नसे. तशी कित्येक यंत्रं आमच्याकडे यायची आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नसायचं. म्हणून मिलिंदने गिऱ्हाइकांना नियमच घालून दिला होता, चालू यंत्र बंद करायचं नाही. फारच अडलं तर ‘रीस्टार्ट’ करायचं, पण विजेचं बटण दाबायचं नाही. बॅटरी बसवा, इन्व्हर्टर बसवा, पण चालू ठेवा. शहापूरपासून मुरबाडपर्यंत आमच्या गिऱ्हाइकांकडे संगणकाच्या वर चिठ्ठी असायची, ‘बंद करू नये’. किन्हवलीच्या एका दुकानदाराने त्या चिठ्ठीखाली लिंबू-मिरची टांगली होती. मी स्वतः तो नियम इतका पाळला की आजही घरातला संगणक बंद करताना बोट अडखळतं.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी मिलिंदला कावीळ झाली. झाडपाल्याचं औषध, मग कल्याणचं हॉस्पिटल, मग मुंबईचं. तो गेला तेव्हा दुकानातल्या टेबलावर त्याने उघडून ठेवलेला एक प्रिंटर होता. स्क्रू एका बशीत काढून ठेवलेले. त्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. मी वाचनालयातली माणसं बोलावून प्रशिक्षणाचे वर्ग चालू ठेवले आणि दुरुस्तीही, जमेल तेवढी. पुस्तक वाचून यंत्र उघडायला मी चाळिशीनंतर शिकलो.

त्यानंतर दोन वर्षांनी, दिवाळी झाल्यावर, शाळेचा संगणक गेला. आतले भाग फुगून फुटले होते. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने कौतुकाने नवा संगणक दिला, त्या वेळचा अगदी ताजा. जुन्या संगणकाची डिस्क शाबूत होती, तिच्यावरून मी टिंब आणि पुस्तकं त्यात टाकली आणि टिंब उघडायला गेलो. चूक क्रमांक दोनशे नाही, वेगळाच निरोप आला. हा प्रोग्रॅम या प्रकारच्या यंत्रासाठी नाही.

नवा प्रोसेसर एका वेळी जुन्याच्या दुप्पट रुंदीचं काम उचलणारा होता आणि त्याच्यासाठी बनवलेल्या नव्या विंडोजने फार जुन्या प्रोग्रॅमना दारच ठेवलं नव्हतं. टिंब नव्याने लिहावं तर मूळ लिखाण ज्या फ्लॉपींवर होतं त्यांना पावसाळ्यांनी बुरशी धरली होती. आणि इतक्या वर्षांत टाइप केलेली सगळी पुस्तकं मिलिंदने आपल्या पद्धतीने साठवली होती. ती टिंबशिवाय कुणालाच वाचता येत नव्हती. जुना संगणक शोधायला कल्याणला गेलो. मिळाला तो आठवडाभरात बंद पडला.

एरवी एखादं वर्ष कसंतरी काढलं असतं. पण त्या वर्षी अलका दहावीला होती. डोळखांबच्या वरच्या पाड्यातली मुलगी. आईवडील दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे. त्या शाळेतून दहावीला बसणारी ती पहिलीच मुलगी. तिची विज्ञानाची आणि इतिहासाची निम्मी पुस्तकं छापून झाली होती आणि निम्मी टिंबमध्ये अडकली होती. परीक्षा मार्चमध्ये.

शिक्षकांनी पुढचे धडे कॅसेटवर वाचून दिले. मी तिला विचारलं, ‘‘ऐकून नाही चालणार का?’’

‘‘ऐकलेलं निघून जातं सर. मला हाताखाली पायजे.’’

मला ते समजलं. मीही वाचणारा माणूस.

कुसुमताईंनी पाटी आणि टोचणी पुन्हा बाहेर काढली आणि उरलेले धडे हाताने टोचायला बसल्या. मावशी वाचून दाखवायच्या आणि त्या टोचायच्या. थोड्याच दिवसांत त्यांचं मनगट सुजलं. हिशेब सरळ होता, असं चाललं तर पुस्तक उन्हाळ्यात पुरं होणार होतं.

शाळेचे विश्वस्त पाटीलसाहेब भला माणूस. म्हणाले, ‘‘हरीभाऊ, संक्रांतीपर्यंत बगा. नाय जमलं तर काम मुंबईच्या छापखान्याला देऊ. पुन्हा टाइप करून ते जूनपर्यंत देतील. कायमचा प्रश्न सुटेल.’’

‘‘जूनमध्ये पुस्तक आलं तर अलका त्याचं काय करील, वारा घालील?’’ कुसुमताई म्हणाल्या.

‘‘ताई, मी काय मुद्दाम करतोय?’’

‘‘मुद्दाम नाय करत हेच तर वाईट. मुद्दाम करता तर भांडता आलं असतं.’’

शहापूरच्या एका इंटरनेट कॅफेत मी रोज संध्याकाळी बसू लागलो. तिथे मला आभासी संगणकाची माहिती मिळाली. नव्या संगणकात एक प्रोग्रॅम टाकायचा. तो आपल्या पोटात एक खोटा संगणक उभा करतो. खोटी मेमरी, खोटी डिस्क. त्यात जुनं विंडोज बसवायचं आणि त्या जुन्या विंडोजमध्ये टिंब. आपण दुसऱ्याच्या घरातल्या एका खोलीत बिऱ्हाड केलंय हे जुन्या विंडोजला कळत नाही. त्याला वाटतं, घर आपलंच. आणि खोट्या संगणकाच्या खिडकीतून खरा ठोक्याही जोडता येतो.

हे सगळं मी कुसुमताईंना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

‘‘म्हणजे ते फसतं?’’

‘‘हो.’’

‘‘आणि त्याला पत्ता लागत नाय?’’

‘‘लागू द्यायचा नाही, हेच त्या प्रोग्रॅमचं काम.’’

‘‘आमच्या वहिनीनं आईला असंच ठेवलंय. आईला वाटतं घर तीच चालवते. दोघी सुखात हायेत.’’

मी तो प्रोग्रॅम मिळवला आणि टाकला. तो उघडेना. निरोप असा होता की, या प्रोसेसरमध्ये आभासी संगणकाला मदत करणारी सोय नाही किंवा ती बंद ठेवलेली आहे. नव्या प्रोसेसरांत ही एक नवीच भानगड होती. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन प्रोसेसरांत एकात ती सोय असे आणि दुसऱ्यात नसे. कल्याणच्या विक्रेत्याने फोनवर सांगून टाकलं, ‘‘तुमच्यात नसणार. दुसरा प्रोसेसर टाका.’’ ते शाळेला परवडणारं नव्हतं, आणि दान मिळालेलं यंत्र उघडून त्याचं डोकं बदलायचं मलाही बरं वाटेना. मी खोक्यावरचा बारीक क्रमांक कॅफेत जाऊन पडताळून पाहिला. सोय होती. म्हणजे ती बंद ठेवलेली असणार.

संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये गेलो. एका कोपऱ्यात ती ओळ सापडली. समोर ‘बंद’ असं होतं. ‘चालू’ केलं, जतन केलं, रीस्टार्ट केलं. इतका आनंद झाला होता की मी कुसुमताईंना ‘झालं’ असं सांगूनही टाकलं. पुन्हा तोच निरोप. सोय नाही किंवा बंद आहे.

मी परत सेटिंगमध्ये गेलो. तिथे ‘चालू’ असंच लिहिलेलं. परत रीस्टार्ट. परत तोच निरोप. घरातला माणूस ‘दार उघडं आहे’ म्हणतोय आणि पाहुणा ‘बंद आहे’ म्हणतोय, अशी स्थिती. त्या महिन्यात मी तो संगणक किती वेळा रीस्टार्ट केला याची मोजदाद नाही. इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या पानावर मोडक्या इंग्रजीत प्रश्न लिहून ठेवला. उत्तर आलं नाही.

संक्रांतीला पाटीलसाहेब तिळगूळ घेऊन शाळेत आले. मुलांना वाटला, मलाही दिला आणि तिळगुळाच्या दिवशी कडू बोलायला नको म्हणून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, ‘‘मग उद्या मुंबईला कळवू ना?’’

मी ‘हो’ म्हणणार होतो. इतक्यात दुपारच्या भारनियमनाची वीज गेली. इन्व्हर्टर लागला. पण त्या दिवशी कार्यक्रमासाठी सभागृहातले पंखे आणि कर्णे त्याच्यावरच जोडलेले होते. थोड्याच वेळात त्याची बॅटरी संपली. संगणकाखालची छोटी बॅटरी टुंई टुंई करत राहिली आणि तीही गप्प झाली. पडदा काळा झाला.

कुसुमताईंनी मान वळवली. पंख्याचा आवाज थांबलेला त्यांना माझ्याआधी कळला होता.

‘‘बंद पडला?’’

‘‘हो.’’

‘‘पूर्ण?’’

‘‘पूर्ण.’’

त्या संगणकावरही मिलिंदच्या जुन्या चिठ्ठीची मीच उतरवून काढलेली प्रत चिकटवलेली होती. आल्यापासून तो कधी पूर्ण बंद झालाच नव्हता. आता कमी दाबात तो सुरूच झाला नाही तर कारखान्याला काय सांगायचं? पाटीलसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. ‘‘ऱ्हाऊ द्या हरीभाऊ. तुमी पुष्कळ केलंत.’’ मावशींनी चुलीवर चहा केला. आम्ही तो अंधाऱ्या खोलीत बसून प्यायलो.

वीज आली. मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. संगणक सुरू झाला. निदान तेवढं झालं, म्हणून जीव भांड्यात पडला. मग नुसत्या सवयीने मी तो आभासी संगणकाचा प्रोग्रॅम उघडला.

निरोप आला नाही. खिडकी उघडली.

मी काही बोललो नाही, कारण ‘झालं’ असं मी आधी एकदा म्हणून बसलो होतो. जुनं विंडोज त्यात बसवलं. त्याला बराच वेळ लागला. पाटीलसाहेब घड्याळ पाहत होते पण उठत नव्हते. मग टिंब त्यात घातलं आणि उघडलं. त्या अर्ध्या क्षणात मला दोनशे क्रमांकाची भीती वाटली. हा प्रोसेसर मिलिंदच्या वेळच्यापेक्षा कितीतरी वेगवान. आकडा मापात मावला नाही तर? मिलिंदने स्वतः कधी न पाहिलेल्या प्रोसेसरसाठी मर्यादा घातली होती, अंदाजाने, पुढचं कुणी पाहिलंय म्हणून. ती पुरली.

टिंब उघडलं की ‘टुक टुक’ असा दोनदा आवाज यायचा. पडदा न दिसणाऱ्या माणसाला कळावं म्हणून त्याने तो ठेवला होता. इतके दिवस मी तो विसरलो होतो. आवाज झाला आणि कुसुमताई खुर्चीत सरळ बसल्या.

‘‘लागलं की हो,’’ त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘‘मिलिंदभाऊंची आठवण येती.’’

मी हो म्हणालो.

झालं काय होतं ते मला नंतर कळलं. प्रोसेसरमधली ती सोय चालू की बंद, हे वीज मिळते त्या क्षणी ठरतं आणि त्यावर कुलूप बसतं. रीस्टार्टने वीज तुटत नाही, म्हणून कुलूपही निघत नाही. यंत्र एकदा पूर्ण बंद करून पुन्हा लावलं की काम होतं. दुसऱ्या कुठल्याही गावात पहिल्या रात्रीच ते झालं असतं, कारण माणसं झोपायला जाताना संगणक बंद करतात. आम्ही करत नव्हतो. आमच्या भागात तो जपण्याचा मार्ग होता आणि अनेक वर्षं त्यानेच आमची यंत्रं वाचवली. भारनियमनाला मी जन्मभर शिव्या दिल्या आहेत. ती एक दुपार मात्र मी त्याच्या नावावर जमा धरतो.

आठवड्याने चर्चेच्या पानावर कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. ‘पूर्ण बंद करा, वीज काढा, थोडं थांबा, मग लावा.’ तो कुठल्या देशातला हे मला माहीत नाही. त्याच्या प्रश्नांची उत्तरं त्याला कुणीतरी अशीच दिली असतील, म्हणून तो बसून माझ्यासारख्याला लिहीत होता. मी त्याला आभार लिहिले. आमचं काम आधीच झालं आहे हे कळवलं नाही. उत्तर देणाऱ्याला ते कशाला सांगायचं?

आता मागे पाहतो तेव्हा वाटतं की माझ्या वाट्याला चांगलं काम आलं. मी काही नवं बनवलं नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं चालू ठेवलं. वाचनालयात तेच करत होतो, फाटलेल्या पुस्तकांना पुठ्ठे लावत होतो. मिलिंदसारखा माणूस भेटला नसता तर मी तेवढंच करत राहिलो असतो आणि त्यातही वाईट काही नव्हतं. पण तो भेटला. कुसुमताई भेटल्या. त्यांनी मला इतक्या वेळा चिडवलं की माझा अबोलपणा थोडा कमी झाला, असं घरचे म्हणतात. दुःख आहे ते आहेच. त्याच्याखाली हे सगळं आहे आणि ते दुःखापेक्षा जास्त आहे.

संक्रांतीच्या त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत, आम्ही ठोक्या जोडला. पाटीलसाहेबांना आता घरी जायचं नव्हतं. त्यांनी कुणालातरी कॅमेरा आणायला पाठवलं आणि पहिलं पान अलकाच्या हातात आपण द्यायचं असं ठरवलं. छोटंसं भाषणही करावं असं त्यांच्या मनात होतं. अलकाला बोलावलं. तिच्या वेणीला तिळगुळाच्या कार्यक्रमाचं फूल होतं आणि हात चिकट होते, म्हणून कुसुमताईंनी तिला आधी हात धुऊन यायला लावलं. ठोक्या वाटाणे ओतू लागला. खोलीच्या दारात मुलं जमली.

पान बाहेर आलं. पाटीलसाहेबांनी ते दोन्ही हातांनी धरलं, घसा साफ केला आणि म्हणाले, ‘‘आजच्या या मंगल दिवशी...’’

अलकाने चाचपत ते पान त्यांच्या हातांतून काढून घेतलं आणि टेबलाच्या कडेवर ठेवून वाचायला लागली. डावं बोट ओळीच्या सुरुवातीला, उजवं पुढे पुढे. ओठ हलत होते. पाटीलसाहेब थोडा वेळ तसेच हात पुढे धरून उभे राहिले आणि मग हसून त्यांनी ते खाली घेतले. कुसुमताईंनी विचारलं, ‘‘काय गो, लंगडतंय का कुठं?’’ अलकाने नुसती मान हलवली, नाही म्हणून. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. धडा अर्ध्या वाक्यात तुटला होता. तिने पान बाजूला सारलं आणि कुणाचंही नाव न घेता, ठोक्याच्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केला.

‘‘पुढलं द्या ना.’’